खलाशाची वही

प्रश्न : आमच्या वऱ्हाडात अमेरिकेतलं यादवी युद्ध आठवतं ते कापसाच्या तेजीमुळे. त्या युद्धातले साधे शिपाई रोजनिशी लिहीत, असं नुकतंच वाचलं. डोक्यावर मरण टांगलेलं असताना ही माणसं रोज लिहीत तरी काय? – एक वाचक, अमरावती

उत्तर : बहुतेक दिवशी हवापाणी. पाऊस, चिखल, कवायत, पहारा, घरचं पत्र आलं की नाही. १८६१ ते १८६५ या काळात प्रत्यक्ष लढाईचे दिवस मोजके होते; छावणीतले दिवस मात्र सरता सरत नसत. मेलेल्यांतही गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर अशा दुखण्यांनी गेलेले जास्त, त्यामुळे या वह्यांत शत्रूइतकाच ताप भेटतो. दोन्हीकडचे बहुतेक गोरे शिपाई लिहिते-वाचते होते, खिशात मावणाऱ्या छापील डायऱ्या विकत मिळत, आणि शिपायांच्या पत्रांवर लष्कराची कात्री सहसा चालत नसे. म्हणूनच एवढं लिखाण मागे राहिलं.

पण तुम्ही साध्या माणसाबद्दल विचारलंत, म्हणून एका वहीबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. ती शिपायाची नसून उत्तरेच्या आरमारातल्या एका खलाशाची आहे.

विल्यम गूल्ड १८३७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन गावी गुलाम म्हणून जन्मला. कसबी गवंडी, गिलाव्याचं काम करणारा. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३० पासून गुन्हा होता. तरीही तो शिकला. त्या गावात बेलामी घराण्याचा मोठा वाडा आजही उभा आहे. त्याची दुरुस्ती चालू असताना जुन्या गिलाव्यावर गूल्डची आद्याक्षरं सापडली. राबणाऱ्या गुलामानं वाड्याच्या भिंतीत आपली अक्षरं ठेवावीत, यातली जिद्द मला फार मोठी वाटते.

२१ सप्टेंबर १८६२ च्या रात्री तो आणि आणखी सात जण एका होडीत बसले आणि केप फिअर नदीतून वल्ही मारत समुद्राकडे निघाले. नदीच्या मुखावर दक्षिणेचे किल्ले होते. सकाळी बाहेर नाकेबंदीवर असलेल्या उत्तरेच्या ‘केंब्रिज’ या युद्धनौकेनं त्यांना उचलून घेतलं. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनला लिंकननं गुलाममुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. होडीतल्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. जहाजाच्या दप्तरात या प्रसंगाची नोंद त्रोटक आहे : विल्मिंग्टनहून आलेली एक होडी, आठ ‘कॉन्ट्राबँड’. शत्रूकडून हाती लागलेला माल, या सदरात तेव्हा पळून आलेले गुलाम मोडत.

त्यानंतर पाचच दिवसांनी, २७ सप्टेंबरला, गूल्डची वही सुरू होते. जहाजाच्या दप्तरात जो आठांतला एक होता, तो इथे स्वतः हिशेब मांडतो. तीन वर्षांसाठी आरमारात भरती झालो, शपथ घेतली. वारा कुठून वाहतो, कोणत्या जहाजाचा पाठलाग केला, कोणतं निसटलं. कोणाला पत्र धाडलं, कोणाचं आलं. त्यांत कॉर्नेलिया हे नाव पुन्हा पुन्हा येतं. १८६३ मध्ये गोवर झाला आणि तो काही महिने बोस्टनजवळच्या चेल्सी इथल्या आरमारी रुग्णालयात पडून होता. पुढे ‘नायगारा’ जहाजावर युरोपच्या किनाऱ्यापर्यंत गेला.

एक नोंद मात्र हवापाण्याच्या पलीकडची आहे. १८६४ साली मेरिलँडच्या काळ्या पलटणीतली माणसं ‘नायगारा’वर आली. जहाजावरच्या लोकांनी त्यांना आपल्या भांड्यांत जेवू दिलं नाही, शिवीगाळ केली. एकाचं तर घड्याळ चोरलं. गूल्ड हे सारं लिहितो आणि ते लाजिरवाणं असल्याचंही लिहितो. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्याच बाजूचं हे जहाज! सेनापतींच्या आठवणींत असलं काही सापडायचं नाही. भांड्याचा विटाळ म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, आणि म्हणूनच ही नोंद आपल्याला अधिक झोंबावी.

सप्टेंबर १८६५ मध्ये त्याची सेवा संपली. दोनच महिन्यांनी त्यानं कॉर्नेलियाशी लग्न केलं आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावी बिऱ्हाड थाटलं. धंदा तोच, गिलाव्याचा. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या कामावर त्याच्या माणसांनी चुना नीट कालवला नाही, तेव्हा त्यानं पदरमोड करून काम पुन्हा करून दिलं आणि त्यापायी बुडता बुडता वाचला. सहाही मुलगे अमेरिकेच्या सैन्यात गेले. तो १९२३ साली वारला.

वही घराच्या माळ्यावर पडून होती. १९५८ मध्ये आवराआवर करताना ती हाती लागली. काही पानं गहाळ आहेत. त्याचे पणतू, कायद्याचे प्राध्यापक विल्यम गूल्ड चौथे, यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि २००२ मध्ये ‘डायरी ऑफ अ कॉन्ट्राबँड’ या नावानं ती प्रसिद्ध केली. इंग्रजी वाचत असाल तर ती जरूर मिळवा, आणि कंटाळवाण्या वाटतील त्या नोंदी गाळू नका. एखाद्या दिवशी नुसतं हवामान आणि आलेली पत्रं असतील, पण तो दिवस त्याचा स्वतःचा होता. त्या होडीत बसण्यापूर्वी तसा एकही दिवस त्याच्या मालकीचा नव्हता.