काटा खोटं बोलतोय की गाडी? जुन्या पिकअपचा मीटर बदलण्याआधी हे तपासा



आजचा संदेश पिकाचा नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे दहा-पंधरा वर्षांची पिकअप आहे. इंजिन दणदणीत, पण समोरचा मीटर अर्धा मेलेला. टेम्परेचरचा काटा पडलेला, डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर. "चालतंय की, डिझेल काठी घालून बघतो" म्हणत आपण गाडी हाकतो.

मागच्या उन्हाळ्यात आपल्यातल्याच एकाची गाडी चिपळूणला भाजी उतरवून परत येत होती. कुंभार्ली चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. "झाली थंड" म्हणून गाडी तशीच दामटली. खरं तर होज फाटून पाणी निघून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच नीट तापमान सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. हेड गॅस्केट उडालं, हेड प्लेन करावं लागलं आणि गाडी ऐन हंगामात गॅरेजला बसली.

म्हणून पहिला धडा: *चढाला वर गेलेला काटा एकदम खाली आला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.*

*१) रोज सकाळी अर्ध्या मिनिटाची तपासणी*

सेल्फ मारण्याआधी चावी फक्त ऑन करा आणि मीटरकडे बघा.

🔴 ऑइलचा दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे.
🔴 बॅटरीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे.
⛽ डिझेलचा काटा हलला पाहिजे.

चावी ऑन केल्यावर दिवा लागलाच नाही, तर "काही बिघाड नाही" असं समजू नका. बल्ब उडालेला असू शकतो. मग ऑइल संपलं तरी गाडी तुम्हाला सांगणार नाही. सारखा लुकलुकतो म्हणून काही जण ऑइलचा बल्बच काढून टाकतात. असं कधीही करू नका.

बॅटरीच्या दिव्याचं आणखी एक आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर डायनामो चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही. डायनामो उतरवण्याआधी हा बल्ब बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट आले म्हणजे चार्जिंग ठीक.

*२) दोष कुठे आहे ते आधी शोधा*

काटा चालत नाही म्हटलं की आपण थेट जुन्या बाजारातून मीटर आणतो. बऱ्याच वेळा मीटर चांगलाच असतो. दोष सेन्सरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो. असं ओळखा:

▪️ *सगळे काटे आणि दिवे एकदम बंद:* आधी फ्यूज, मग मीटरमागचा सॉकेट.
▪️ *डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही एकदम चुकीचे:* बऱ्याच जुन्या मीटरमध्ये या दोन काट्यांना एकाच छोट्या स्टॅबिलायझरमधून करंट जातो. तो बिघडला किंवा मीटरचं अर्थिंग सुटलं की दोन्ही काटे एकत्र खोटं बोलतात.
▪️ *एकच काटा बंद:* त्या काट्याचा सेन्सर किंवा वायर.
▪️ *लाइट लावली की काटा हलतो:* अर्थिंग कच्चं आहे.

*३) टेम्परेचरच्या काट्याची परीक्षा*

ही परीक्षा फक्त जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीवर करा, जिथे सेन्सरला *एकच वायर* आहे. इंजिन थंड आणि बंद असू द्या.

चावी ऑन करा. थर्मोस्टॅटजवळच्या सेन्सरची वायर काढा. काटा खाली राहिला पाहिजे. आता त्या वायरचं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्या माणसाला काट्याकडे बघायला सांगा. काटा वर चढायला लागला की लगेच वायर काढा. टोकाला जाईपर्यंत धरून ठेवू नका, नाहीतर चांगला मीटर जळेल.

✅ काटा चढला: मीटर आणि वायर ठीक, सेन्सर बदला.
❌ काटा हललाच नाही: वायर तुटली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. डिझेलचा काटा नीट चालत असेल तर स्टॅबिलायझरला दोष देऊ नका.

नवा सेन्सर बसवताना आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळू नका. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं. टेपमुळे ते तुटतं आणि नवा सेन्सरही "खराब" निघतो.

सगळं ठीक असूनही काटा कायम खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट आहे का विचारा. गाडी गरम होऊ नये म्हणून काही ठिकाणी तो काढून टाकतात. त्याने इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि डिझेल जास्त जातं. थर्मोस्टॅट परत बसवून घ्या.

⚠️ बीएस-४ (देशभर १ एप्रिल २०१७ पासून) आणि बीएस-६ (१ एप्रिल २०२० पासून) गाड्यांत बहुतेक सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेले असतात. तिथे वायर टेकवायचा प्रयोग *अजिबात करू नका*. स्कॅनर लावून घ्या.

*४) डिझेलचा काटा*

टाकीत एक फ्लोट असतो. तो वर-खाली झाला की काटा हलतो. फ्लोटला भोक पडून तो बुडाला, दांडी अडकली किंवा टाकीचं अर्थिंग गंजलं तर काटा एका जागी बसतो. उसाच्या रानातला चिखल आणि पावसाचं पाणी टाकीच्या अर्थिंगवर बसतं. ती जागा घासून स्वच्छ करा, वायर घट्ट करा आणि वर थोडं ग्रीस लावा. अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

टाकी उघडायचं काम मेस्त्रीकडूनच करून घ्या. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत टाकीजवळ वायर टेकवून ठिणगी पाडू नका.

*५) मीटर उतरवताना*

• बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा.
• प्रत्येक वायर आणि सॉकेटचा मोबाइलवर फोटो काढा. परत जोडताना तोच उपयोगी पडतो.
• जुन्या गाडीत मागे स्पीडची केबल असते. ती ओढू नका, आधी लॉक सोडवा.
• मागच्या पातळ पट्टीवरचं हिरवट गंजलेलं तांबं साध्या खोडरबराने हलकं पुसा. पॉलिश पेपर लावला तर तांबंच निघून जाईल.
• जास्त वॅटचा बल्ब टाकू नका, होल्डर वितळतो.
• काटा बोटाने फिरवू नका.

*६) बदलायचाच झाला तर*

जुन्या सेन्सरवरचा आणि मीटरच्या मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर घेऊन दुकानात जा. सेन्सर आणि मीटर एकमेकांना जुळले पाहिजेत. आट्या बसल्या म्हणून सेन्सर जुळला असं होत नाही. न जुळणारा सेन्सर बसवला तर काटा हलेल, पण आकडा खोटा दाखवेल, आणि ते बंद काट्यापेक्षा वाईट.

जुन्या बाजारातला मीटर घेतला तर त्यावरचे किलोमीटर तुमच्या गाडीचे नसतात. दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा, बिलावर तारखेसह आकडा लिहून घ्या आणि गाडी विकताना घेणाऱ्याला तसं सांगा.

फिटनेसचंही ध्यानात ठेवा. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. त्यात स्पीडोमीटरही बघतात. आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी दुरुस्त करा.

*७) घाटात काय करायचं*

🛑 *ऑइलचा दिवा लागला:* इंजिन लगेच बंद. पुढच्या गावापर्यंत नेऊ नका. ऑइल पातळी बघा. पातळी ठीक असूनही दिवा जात नसेल तर गाडी टोचन करून न्या.

🛑 *काटा लाल रेषेकडे चालला:* बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

🛑 *चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला:* पट्टा तुटला असू शकतो. अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही डायनामोलाच जोडलेला असतो. म्हणजे इंजिन तापेल आणि ब्रेकचा पेडलही दगडासारखा कडक होईल. अशा वेळी उतार उतरायचा नाही.

आपला टोमॅटो, आलं, भाजी वेळेत पोहोचली तर पैसा. वाशीच्या वाटेवर रात्री दोन वाजता गाडी बंद पडली तर माल तिथेच उन्हाची वाट बघत बसतो. शंभर-दोनशे किलोमीटर माल नेताना मीटर हाच ड्रायव्हरचा सोबती. तो खरं बोलतोय ना, हे निघण्याआधी बघा.

👉 *उद्या सकाळी एवढंच करा:* चावी ऑन करून दोन्ही दिवे लागतात का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतात का ते बघा. लागत नसतील तर पुढची फेरी बल्ब बदलल्यावरच.

गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसाला आणि ड्रायव्हरला हा संदेश नक्की वाचून दाखवा. अडचण असेल तर मीटरचा फोटो आणि गाडीचं मॉडेल ग्रुपवर टाका.