नावेचे पैसे आणि भरूचचा पूल

दिवाळी झाली की परभणीत नर्मदा परिक्रमेचे फलक लागतात. बसस्टँडच्या बाहेर, वसमत रोडला, देवळांच्या भिंतींवर. ‘पुशबॅक बस, चहा-नाष्टा, दोन वेळ सात्त्विक जेवण, अनुभवी मार्गदर्शक, नावेने रेवासागर संगम.’ बाकीचं सगळं कोणीही देतं. आम्ही दोघांनी पैसे भरले ते त्या शेवटच्या ओळीसाठी. नेमकी तीच ओळ आमच्या वाट्याला आली नाही, आणि वर ‘काका फार कटकटे आहेत’ हे प्रमाणपत्र मिळालं. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना कटकट वाटेल त्यांनी पान उलटावं.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कधी निघाली, कधी पोचली, ड्रायव्हर किती तास बसला, हे लिहिण्यात हयात गेली. त्यामुळे पैसे भरतानाच मी मालकांना विचारलं होतं, ‘नाव नक्की ना?’ ते म्हणाले, ‘काका, नावेशिवाय परिक्रमा असती का?’ ऐकणारे आणखी दोघं होते. दोघेही परभणीतच राहतात आणि आता दोघांनाही ते आठवत नाही.

मालक आणि मार्गदर्शक एकच. खांद्यावर भगवी शाल, हातात माईक. बस जिंतूर सोडेपर्यंत ते ‘भाऊ’ होते, बऱ्हाणपूर यायच्या आत ‘महाराज’ झाले.

पायी परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगितलेत. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून आपल्याकडच्या किती जणांनी मनात परिक्रमा उचलली असेल, पण गुडघे सगळ्यांचे तसे नसतात. म्हणून बस. बसने जायचं म्हटलं की बरीच पथ्यं सुटतात: अनवाणी चालणं नाही, सदावर्त नाही, रोज काठावर मुक्काम नाही. कितीदा तर रस्ता काठापासून इतका लांब जातो की दिवसभर माय दिसतही नाही. शूलपाणीची झाडी टाळून शहादा-प्रकाशामार्गे जाताना तापी दिसते, नर्मदा नाही. हे सगळं मान्य. राहतं ते एकच पथ्य, की माय उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठंही ओलांडायची नाही. ओंकारेश्वराचं देऊळ नदीतल्या मांधाता बेटावर आहे म्हणून संकल्प सोडल्यावर तिथंसुद्धा जात नाहीत. दक्षिण तटावर ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं आणि ओंकारेश्वर शेवटी.

आणि समुद्राशी आल्यावर नाव. विमलेश्वरच्या बाजूने बसायचं, खंभातच्या आखातातून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं. तिथं दक्षिण तट संपतो आणि उत्तर तट सुरू होतो. मोकळी बस भरूचच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे येते आणि माणसांना घेते. बस ओलांडते, माणसं ओलांडत नाहीत. ही नाव भरतीवर अवलंबून. ओहोटीला चिखलात रुतून बसते, म्हणून नावाडी सांगेल तेव्हाच निघायचं, मग मध्यरात्र का असेना. नंबर लागतात, कधी एखादा दिवस थांबावं लागतं. थांबायचं म्हणजे संयोजकाला सगळ्यांचं एक दिवसाचं जेवण वाढलं, मुक्काम वाढला, माणशी नावभाडं वेगळं, आणि गाडी उभी. हा हिशोब मला अंकलेश्वरला कळायला हवा होता असं कोणी म्हणेल, पण मी तिथं हिशोब करायला गेलो नव्हतो. पैसे मोजून दिले होते.

अंकलेश्वरच्या मुक्कामी रात्री जेवताना ‘महाराज’ म्हणाले, ‘पहाटे लवकर निघू, भरती गाठायची आहे.’ सगळे खूश. आमच्या मंडळींनी ओंकारेश्वरला भरलेली जलाची कुपी पदराखाली घेऊन ठेवली. ठिकठिकाणी त्यातलं थोडं जल मायला वाहायचं आणि तिथलं भरायचं, तसं संगमावर समुद्राचं घ्यायचं असतं. कुपीचं बूच ढिलं झालं होतं, त्याला तिनं कापडाची चिंधी बांधली होती.

गाडी चारच्या सुमारास निघाली. पडदे लावलेले. मला डुलकी लागली आणि एका आवाजानं जाग आली. पुलाच्या जोडांवर चाक आपटलं की जो ठराविक टक्-टक् येतो, तो मी गंगाखेडच्या गोदावरीच्या पुलावर आयुष्यभर ऐकला आहे. तो झोपेतही ओळखू येतो. तेवढ्यात हिनं दंड हलवला.

‘अहो, उठा. दोन्हीकडं पाणी कामून दिसायलंय?’

मी पडदा सारला. हातानं काच पुसली. खाली काळं रुंद पात्र, बाजूला 2017 साली सुरू झालेल्या केबलच्या पुलाचे दिवे. गाडी भरूचच्या पुलावर होती, आम्हा सगळ्यांना पोटात घेऊन. ही कुपी दोन्ही हातांत धरून बसली होती. ‘ओलांडली का हो?’ एवढंच म्हणाली. मी काही बोललो नाही. अर्धी बस झोपलेली होती. म्हणजे बहुतेकांनी माय ओलांडली ती घोरत.

मी केबिनची काच वाजवली. ‘महाराज’ ड्रायव्हरशेजारी बसले होते. काच उघडली नाही, माईक सुरू झाला. ‘मंडळी, नाव बंद आहे. प्रशासनाचा आदेश आहे. बसमध्ये बसून ओलांडलं तर दोष नाही.’ आदेश कधी आला विचारलं. ‘रात्री.’ जेवताना तर भरती गाठायची होती! आदेश दाखवा म्हणालो, तर त्यांनी भजन लावलं आणि आवाज वाढवला. भजनाच्या आवाजावर ओरडणारा माणूस बसमध्ये कसा दिसतो, ते मला त्या दिवशी समजलं. मागून एक बाई म्हणाल्या, ‘काका, देवाच्या कामात भांडू नका.’

नाव बंद नव्हती. नारेश्वरला रंगअवधूत महाराजांच्या स्थानी जालन्याकडच्या एका बसमधली मंडळी भेटली. आदल्या दिवशीच ती नावेनं आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत नावेत चढलो, म्हणून सांगत होती, धोतरांच्या काठांवर अजून मिठाचे पांढरे डाग होते. मी ‘महाराजां’ना हाताला धरून त्यांच्यासमोर उभं केलं. ते हसले, ‘नर्मदे हर’ म्हणाले आणि चहाची व्यवस्था बघायला गेले.

पुढं गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी अर्धा तास, आणि तिथून स्टॅच्यू ऑफ युनिटीला जवळजवळ अख्खा दिवस, तिकीट ज्याचं त्यानं. पुतळा भव्य आहे, 182 मीटर उंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो उभा आहे साधू बेटावर, नर्मदेच्या पात्रातच. बेटावर म्हणून ज्या परिक्रमेत ओंकारेश्वराला जायचं नसतं, त्या परिक्रमेत हे बेट चालतं कसं, हे मी विचारलं. तोवर मला उत्तर द्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. महेश्वरला अहिल्यादेवींच्या घाटावर वीस मिनिटं आणि साडीच्या दुकानात दोन तास. दुकानदारानं ‘महाराजां’ना आतल्या खोलीत नेऊन लस्सी पाजली. एवढ्यावरून कमिशन सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी.

नावेचं लेखी घ्या. ‘नावेने संगम’ एवढं फलकावर असून भागत नाही. पावतीवरच लिहून घ्या: नाव कुठून, भाडं रकमेत धरलेलं आहे की नाही, भरतीसाठी थांबावं लागलं तर जादा दिवसाचा खर्च कोणाचा, आणि प्रशासनानं नाव खरंच बंद ठेवली तर काय करणार. खरंच बंद असू शकते, दर्या आहे तो. अशा वेळी पूल ओलांडायच्या आधी सगळ्यांना जागं करून विचारायला हवं, एवढाच माझा आग्रह आहे. शेवटचा हप्ता संगम झाल्याशिवाय देऊ नका. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला हात जोडा.

ड्रायव्हर किती, हे विचारा. आमच्या गाडीला एकच होता. दिवसा गाडी चालवायचा, रात्री मुक्काम लांबला की तोच. कायद्यानं वाहन कामगाराला दिवसाचे साधारण आठ तास आहेत. आमची पुतणी आयर्लंडला असते. तिनं सासू-सासऱ्यांना तिथल्या खेड्यापाड्यांतून फिरवणाऱ्या बसच्या सहलीला पाठवलं होतं. तिथं ड्रायव्हर साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास उभी करतो, कारण गाडीतलं यंत्रच सगळी नोंद ठेवतं. प्रवासी रागावले तरी तो हलत नाही. आपल्याकडं प्रवासी रागावले की तो ॲक्सिलेटर दाबतो. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

डिकी उघडून बघा. स्वयंपाकाचं सामान बसमध्ये असतं आणि त्यात भरलेले सिलिंडर असतात. आमच्या बॅगा सिलिंडरला टेकून ठेवल्या होत्या. 2023 च्याच ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्यात असाच नेलेला सिलिंडर भडकला आणि नऊ जण गेले. आचाऱ्याला जिथं मुक्काम तिथं सिलिंडर घ्यायला सांगा. संकटकाळचं दार कुठं आहे ते बसल्या बसल्या बघा, आणि त्यासमोर पाण्याचे कॅन रचले असतील तर काढायला लावा. गाडीचा नंबर आधी मागून एमपरिवहन ॲपवर फिटनेस आणि विमा तपासा. हे काम दोन मिनिटांचं आहे, नातवाला सांगा.

औषधं हातातल्या पिशवीत, आधारची झेरॉक्स, थोडी रोकड, टॉर्च. हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

फसवणूक झालीच तर ‘देवाचं काम’ म्हणून गप्प बसू नका. टूरवाला कुठलाही असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला परभणीतच. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. आधी 1915 या क्रमांकावर बोलून घेतलं तरी चालतं. फलकाचा फोटो, पावती, बसमधले सोबती हे सगळं जपून ठेवा. सोबती जपणं सगळ्यांत अवघड. परभणीत उतरेपर्यंत जे माझ्याइतकेच चिडलेले होते, ते आठवडाभरात ‘जाऊ द्या, मायनं दर्शन तर दिलं’ म्हणू लागले. मालकांनी मला नावेचे पैसे पाकिटात घालून पाठवले. मी परत केले. मला पैसे नको होते, ‘नाव बंद नव्हती’ हे एक वाक्य लिहून हवं होतं. ते आजतागायत आलेलं नाही. तक्रार दाखल केली आहे.

यंदाचा फलक लागला आहे. ‘नावेने रेवासागर संगम’ तसंच आहे, आणि शेजारी आमच्याच बसचा ओंकारेश्वरच्या घाटावर काढलेला फोटो छापला आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा पांढऱ्या टोपीतला मी, आणि शेजारी कुपी धरून उभ्या आमच्या मंडळी. तो फोटो बघून कोणी पैसे भरणार असेल, तर आधी मला विचारा.