दोघांचीही झोपायची जागा घरात

कुत्र्यामांजराची दोस्ती जमली, की सगळ्यात आधी दोघांच्या झोपण्याची सोय घरात करा. मी दुर्गापूरच्या बाजूला राहतो. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, मध्ये माजलेली झुडपं आणि पलीकडे ताडोबाचं जंगल. इथे बिबट्या वस्तीत शिरतो तो बहुतेकदा कुत्र्याच्या मागावर.

आमच्या सांदवाडीत, सरपणाच्या मांडवाखाली एक भटकी भाटी व्याली. आमचा कुत्रा मोती आधी भुंकला, मग लांबून बघत बसला, आणि पुढे पिलं त्याच्या पोटाशी झोपू लागली. फार लोभस होतं ते. पण दिवेलागणीला आपणहून घरात येणारा मोती आता मांडवापासून हलेना. आत आणून कडी लावली तर रात्रभर दार ओरबाडायचा. अशाच एका रात्री तो निसटून बाहेर गेला. भाटी फिसकारत कौलांवर चढली, मोती मात्र पिलांपाशी उभा राहिला. आम्ही डबे बडवत, ओरडत दार उघडलं तेव्हा बिबट्या त्याची मान सोडून भिंतीपलीकडे गेला. मोती वाचला. टाके पडले, रेबीजची लस पुन्हा द्यावी लागली.

कुत्रा मैत्री सोडत नाही, म्हणून जागा मांजराची बदलायची. पोतं घातलेला खोका रोज थोडा थोडा ओसरीकडे सरकवा. भाटी पिलं तोंडात धरून परत नेईल, नेऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवा. आमची तशीच आत आली. कुत्र्याला रात्री बाहेर साखळीने बांधू नका, त्याला पळायलाही वाव राहत नाही. उष्टं अन्न अंगणात ठेवू नका. त्यावर डुकरं आणि भटकी कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट्या. मांजराचं ताट उंच फळीवर ठेवा, खाण्यावरूनच भांडणं होतात.

लस दोघांनाही हवी. रेबीज दोघांना होतो, पण कुत्र्याच्या बाकीच्या लसी मांजराच्या उपयोगाच्या नाहीत. मांजराची लस वेगळी असते. कुत्र्याला डिस्टेंपरची लस चुकवू नका. 2018 मध्ये गीरच्या सिंहांचे जीव घेणाऱ्या साथीत हाच विषाणू सापडला होता, आणि आपल्या कुत्र्यांच्या वाटेवर वाघ-बिबटे आहेत.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे कुत्री आणि बिबटे एकत्र वावरले, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते अनाथ प्राण्यांसाठी होतं. त्या ओढीने धानाच्या बांधीत दिसलेलं पिल्लू घरी आणू नका. लांब पाय, आखूड शेपटीवर काळी वळी, कानाच्या टोकाला केस असतील तर ते रानमांजराचं आहे आणि कायद्याने पाळता येत नाही. हात न लावता दूर व्हा, कुत्र्याला आवरा. आई बहुधा रात्रीत येऊन नेते. नाहीच नेलं, तर वनविभागाला 1926 वर कळवा.