स्थानकापासून घरापर्यंत

विद्यालयाच्या स्मरणिकेत रेल्वे आणि एस.टी. यांविषयीचा अभ्यासलेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. दरवर्षी जून महिन्यात वसतिगृहाच्या प्रवेशासाठी पालक येतात. आम्ही घरची परिस्थिती विचारतो आणि पालक बहुधा गाडीविषयी बोलू लागतात. "गुरुजी, गावात सातवीलोक शाळा हाय, पुढं जायले गाडी नाही," अशा अर्थाचे वाक्य आम्ही घाटंजीकडील पालकाकडून ऐकले आहे, तसेच झरी जामणीच्या आणि महागावच्या पालकांकडूनही. गरिबी, शेतमजुरी, हंगामी स्थलांतर या कारणांबरोबर हेही एक कारण असते. पण शिक्षणाच्या चर्चेत त्याला क्वचितच स्थान मिळते. निवासी शाळा ही एका अर्थी न आलेल्या गाडीची भरपाई आहे, असे आम्हांला अनेकदा वाटले आहे. म्हणून आपल्या जिल्ह्याची जुनी रेल्वे, आजची एस.टी. आणि रेल्वेसाठी जगात नावाजलेला जपान यांचा येथे एकत्र विचार करण्याचे योजिले आहे.

प्रारंभ मात्र मसूरच्या फलाटापासून करावा लागेल.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला थोरला भाऊ आणि बहिणीचे मुलगे यांच्यासह साताऱ्याहून आगगाडीने निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलांनी उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्याकडे घालवावी असे ठरले होते. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते. गाडी मसूरला पोहोचली. पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे वडिलांचा माणूस स्थानकावर आला नव्हता. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, मुलाने आपली जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. त्या रात्री मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे.

हा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा वाचला-ऐकला आहे. तो शिकविताना एका गोष्टीकडे मात्र आम्ही स्वतःही उशिराच लक्ष दिले. आगगाडीच्या डब्यात त्या मुलांना कोणी अडविले नाही. तिकीट होते, म्हणून ती बसली. जात विचारली गेली ती गाडी निघून गेल्यावर, फलाटावर. विचारणारा स्टेशनमास्तर रेल्वेचाच नोकर होता हे खरे, त्यामुळे रेल्वेला समतेचे प्रमाणपत्र देण्याची घाई नको. तरीही सार्वजनिक वाहन जेथे संपले, तेथूनच गाव सुरू झाले. पुढे १९२९ साली, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य असताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हाही तेच घडले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी भाड्याने टांगा मिळविला, पण तो हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्यातीलच एका माणसाने हाती लगाम घेतला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरला रेल्वेने गावापर्यंत आणले. स्थानकापासून वस्तीपर्यंतच्या थोड्या अंतराने त्याला जायबंदी केले.

स्थानकापासून घरापर्यंतचे हे अंतर कोण तोडून देतो, या प्रश्नाला धरूनच आपल्या जिल्ह्याकडे पाहू.

यवतमाळची 'शकुंतला' ज्यांनी पाहिली, अशी पिढी आता पालकांची आणि आजी-आजोबांची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अडीच फूट रुंदीचा हा अरुंद मार्ग घातला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तेथून पुढे अचलपूरपर्यंत सुमारे ७६. माणसांची सोय हा तिचा मूळ हेतू नव्हता. वऱ्हाडचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी बांधून निघे, मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेवर चढे, मुंबई बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. या गाडीचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेले. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले, त्यानंतर डिझेल इंजिन आले. देशातील रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि चालविण्याचे काम मात्र भारतीय रेल्वेकडे, असा विचित्र संसार कित्येक दशके चालला.

कापसासाठी आलेली ही गाडी लोकांनी आपलीशी केली. मूर्तिजापूर गाठायला सहा-सात तास लागत; पण भाडे एस.टी.च्या मानाने फारच कमी होते. शेतमजूर, भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, लग्नाची वऱ्हाडे, दारव्हा-कारंज्याकडे नातलगांना भेटायला निघालेली म्हातारी माणसे असे तिचे प्रवासी. लहान स्थानकांवर गार्डच तिकिटे देई. तिच्या संथपणाची थट्टा सर्वांनी केली आहे, आम्हीही केली आहे. ज्याच्या खिशात एस.टी.चे भाडे नव्हते, त्याला मात्र ती थट्टा परवडत नव्हती. पुढे मार्ग खिळखिळा झाला, गाडी थांबली. २०१६ साली ब्रॉडगेज रूपांतराच्या मंजुरीची घोषणा झाली आणि तेव्हापासून गावोगावचे लोक निवेदने देत, आंदोलने करीत आहेत. लाडखेड, दारव्हा या बाजूस जुन्या रुळांवर गवत वाढलेले दिसते.

आता जपान. या देशाचे नाव विदर्भातील बौद्ध समाजाला परके नाही. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे जपानमध्ये जन्मलेले भिक्खू नागपुरात आले आणि इथलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार जपानी उपासकांच्या साहाय्याने उभे राहिले. तेथील विहारांविषयी आपण बरेच ऐकतो, रोजच्या जीवनाविषयी कमी. एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. जपानची पहिली रेल्वे टोकियोतील शिम्बाशी आणि योकोहामा यांच्या दरम्यान १४ ऑक्टोबर १८७२ रोजी समारंभपूर्वक सुरू झाली आणि जपानमध्ये १४ ऑक्टोबर हा रेल्वेदिन मानला जातो. १९५६ साली त्याच तारखेला नागपुरात काय घडले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. शिवाय आपली मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ ची. म्हणजे रेल्वेच्या बाबतीत आपण जपानच्या १९ वर्षे पुढे होतो!

जपानची रेल्वे म्हटले की १९६४ साली सुरू झालेली अतिवेगवान शिंकान्सेन सर्वांना आठवते. आम्हांला अधिक शिकण्यासारखी वाटते ती तेथील साधी, थांबत थांबत जाणारी लोकल गाडी. प्राथमिक शाळेतील मुले बहुतेक पायी, गटागटाने शाळेत जातात. पण माध्यमिक शाळेनंतरच्या वर्गांतील असंख्य मुले सवलतीचा पास घेऊन एकटी रेल्वेने जातात आणि पालकांना त्याची धास्ती वाटत नाही. गाडीला काही मिनिटांचा उशीर झाला तर स्थानकावर तसा दाखला मिळतो. तो शाळेत किंवा कचेरीत दाखविला की उशिराचा दोष प्रवाशाच्या माथी येत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोजवळील त्सुकुबा एक्स्प्रेस एका स्थानकावरून २० सेकंद आधी सुटली, म्हणून कंपनीने जाहीर क्षमा मागितली. चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो. एकटा असला तरी. डोळा, हात आणि वाणी एकाच गोष्टीवर आणण्याची ही रीत आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडली. गणिताच्या तासाला काहीजण चिन्हाकडे बोट दाखवून "वजा!" असे ओरडू लागले, हा त्याचा अनपेक्षित परिणाम.

वक्तशीरपणाचे कौतुक करताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एक लोकल वळणावर वेगाने रुळांवरून उतरून इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे गेली. गाडीला सुमारे दीड मिनिट उशीर झाला होता आणि चुकणाऱ्या चालकांना कंपनीकडून मिळणाऱ्या अपमानास्पद 'शिक्षणा'ची भीती त्या तरुण चालकाच्या मनावर होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. भीतीने पाळलेली शिस्त कोठे नेते, हे वसतिगृह चालविणाऱ्या आम्हा मंडळींना विशेष लक्षात ठेवावे लागते.

होक्काइदो बेटावरील क्यू-शिराताकी या लहान स्थानकाची गोष्ट मोबाइलवर आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. एकाच विद्यार्थिनीसाठी रेल्वेने स्थानक चालू ठेवले आणि तिचे शिक्षण संपल्यावर ते बंद केले, अशी ती सांगितली जाते. स्थानक मार्च २०१६ मध्ये बंद झाले आणि एक शाळकरी मुलगी तेथून नियमित प्रवास करीत असे, एवढे खरे. केवळ तिच्यासाठी ते ठेवले होते, हा भाग मात्र लोकांनी आपल्या इच्छेने भरलेला आहे. प्रवासी घटल्यामुळे आसपासची स्थानकेही त्याच वेळी बंद झाली. १९८७ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन आणि खासगीकरण झाले. त्या सुमारास तोट्यातील कित्येक ग्रामीण मार्ग बंद पडले, काहींच्या जागी बस आली, तर काही मार्ग स्थानिक शासन आणि खासगी भागीदार यांनी मिळून वाचविले. म्हणजे शकुंतलेचे दुःख जपानलाही ठाऊक आहे. ती गोष्ट जगभर इतकी पसरली, याचे कारण आम्हांला असे दिसते की, एका मुलीच्या शाळेसाठी गाडी थांबावी ही गोष्ट लोकांना खरी असावीशी वाटली.

आपल्याकडे ते काम रेल्वेने नव्हे, एस.टी.ने केले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. तिच्या साऱ्या कारभारात आमच्या मते सर्वांत मोलाची कोणती गोष्ट असेल तर ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात येते, चालक-वाहक समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. ज्या गावात मुक्कामी गाडी आहे तेथील मूल घरी राहून दहावी-बारावी करू शकते. नाही तेथील मूल वसतिगृह शोधते किंवा शाळा सोडते. मुलीच्या बाबतीत हा हिशोब आणखी कठोर होतो. बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींना मिळणारा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या आणि मार्च २०२३ पासून महिलांना मिळालेली अर्ध्या तिकिटाची सवलत यांकडे अनुदानाच्या आकड्यांतून पाहणारे पुष्कळ आहेत. पहाटे फाट्यावर दप्तर घेऊन उभ्या असलेल्या मुलींकडे पाहूनही त्यांचा हिशोब मांडता येईल. २०२१-२२ च्या दीर्घ संपात कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांच्या घरातील खरी ओढाताण होती. त्याच काळात गाडीवर अवलंबून असलेल्या खेड्यांतील मुलांची शाळा, नुकतीच कोरोनानंतर उघडलेली, पुन्हा दूर गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट : एस.टी.च्या बाकावर शेजारी कोण बसले आहे हे विचारून कोणी उठत नाही. काही गावांत आजही चहाच्या टपरीविषयी असे छातीठोक सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. जिल्ह्यात वणीकडे मोठी रेल्वे पूर्वीपासून आहे. परंतु यवतमाळच्या माणसाला सहा डिसेंबरला चैत्यभूमीस जाण्यासाठी धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावे लागते, हे आपण सारे अनुभवाने जाणतो. मार्ग पूर्ण झाल्यावर हे बदलेल. कळंबच्या स्थानकापासून आतल्या पोडापर्यंत किंवा तांड्यापर्यंत काय जाईल, हा मसूरचा प्रश्न मात्र तेव्हाही उभा राहील, आणि त्याचे उत्तर रेल्वे देणार नाही, एस.टी.ची संध्याकाळची फेरी देईल.

या विषयाची एक नोंद विद्यालयात करून ठेवण्याचा आमचा विचार आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपण प्रथम शाळेत आलो ते कोणत्या गावाहून, किती अंतर पायी चालून, कोणत्या वाहनाने आणि कोणाबरोबर, तसेच सुट्टीत घरी कसे जात असू, हे चार ओळींत लिहून कार्यालयाकडे द्यावे. शकुंतलेचे जुने तिकीट किंवा एस.टी.चा विद्यार्थी पास कोणी जपून ठेवला असल्यास तो पाहावयास आणावा. पाहून झाल्यावर परत देऊ. सध्याच्या पालकांनी आपल्या गावी मुक्कामी गाडी आहे किंवा नाही, आणि असल्यास सकाळी किती वाजता निघते, एवढे कळविले तरी पुरे. आठवीच्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांचा मोठा नकाशा भिंतीवर काढून ठेवला आहे. त्यात सध्या फक्त गावांची नावे आहेत.