काचेतला प्रकाश तांब्यातल्या विजेला मागे टाकतो का?

प्रश्न : गावात फायबर आलं आणि इंटरनेट पळायला लागलं. माझी मुलगी कॉम्प्युटर शिकते. ती म्हणते, महासंगणकाच्या आतही आता तांब्याऐवजी प्रकाशाने भाग जोडतात. प्रकाश विजेपेक्षा वेगवान, म्हणून का?
– एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : मुलगी बरोबर सांगते, पण कारण वेगळं आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. चांगल्या तांब्याच्या केबलमधला संदेशही जवळपास तितकाच. 10 मीटर तंतू ओलांडायला प्रकाशालाही 50 नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात 2 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 100 ठोके पडून जातात.

खरा फरक गळतीचा. जायकवाडीचा डावा कालवा परभणीकरांना सांगायला नको : हेडला पाणी भरपूर, टेलला पोचेपर्यंत किती उरतं! तांब्यात तसंच होतं, आणि संदेश जितका दाटीने पाठवाल तितकी गळती वाढते. तारांच्या एका जोडीतून सेकंदाला 100 गिगाबिट पाठवायचे, तर साधी तांब्याची केबल दोन-तीन मीटरांत दम टाकते. काचेत तेच शेकडो मीटर जातं; शिवाय एकाच तंतूतून अनेक रंगांचे प्रकाश, प्रत्येक आपला वेगळा निरोप घेऊन.

आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला 'अर्का' महासंगणक घ्या, क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स (सेकंदाला किती आकडेमोड होते, त्याचं माप). मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम त्याच्यावर 6 किलोमीटरच्या चौकोनांत हवामान मांडते. परभणी जिल्ह्याच्या वाट्याला पावणेदोनशेच्या आसपास चौकोन येतात. असे असंख्य चौकोन हजारो प्रोसेसरांत वाटलेले. पण वारा आणि बाष्प शेजारच्या चौकोनातून येतं, म्हणून प्रत्येक पायरीला शेजाऱ्याला विचारावंच लागतं. उत्तर येईपर्यंत प्रोसेसर नुसता बसून. यंत्र वाढलं की हा शेजारी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि तिथे तांबं पुरत नाही.

तिथे प्रकाश कसा कामी येतो, ते गुगलच्या टीपीयू व्ही4 या महासंगणकात दिसतं. त्यात 4096 चिप आहेत. एका रॅकमधल्या 64 चिप तांब्याने जोडलेल्या, रॅक ते रॅक मात्र प्रकाश. मधल्या स्विचमध्ये इवलेसे आरसे कलतात आणि किरण हव्या त्या तंतूत वळवतात. मला हे फार सुंदर वाटतं : निरोप वाटेत पुन्हा विजेत उतरतच नाही.

कारण विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करायला ऊर्जा खर्च होते. म्हणून जवळच्या अंतराला तांबंच परवडतं, आणि म्हणूनच हे रूपांतर आता थेट चिपच्या कुशीत नेण्याचा खटाटोप चालू आहे.

तुमच्या घरी फायबरच्या डब्यात शिरणारी बारीक वायर मुलीला दाखवा. हेच रूपांतर त्या डब्यात होतं. फक्त वायर काढून तिचं टोक डोळ्यासमोर धरू देऊ नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही.