'पगार' शब्दाचे मूळ आणि कूळ

मराठी शब्दकोशात 'पगार' या शब्दापुढे 'पोर्तुगीज' एवढी खूण दिसते आणि आपले कुतूहल बहुधा तिथेच थांबते. शब्द कोणत्या भाषेतून आला हे कळले, पण त्या भाषेत तो कुठून आला आणि वाटेत त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे कळायचे राहून जाते. 'पगार'च्या बाबतीत ही वाट पुढे चालून पाहण्याजोगी आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि वसईचा प्रदेश १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. या दीर्घ सहवासात चावी, लिलाव, तुरुंग, घमेले, मेस्त्री असे कितीतरी शब्द मराठीत रुळले. 'पगार' त्यांतलाच. पोर्तुगीजमध्ये मात्र 'पगार' हे नाम नाही, क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'पैसे देणे, देणे चुकते करणे'. मराठीने क्रियापदाचे नाम केले आणि त्याचा अर्थ 'कामाबद्दल ठरलेला मोबदला' एवढाच ठेवला.

हेच क्रियापद पोर्तुगीजच्या बहिणींकडेही आहे. स्पॅनिश आणि कॅटलान भाषांत ते 'पगार'च आहे, इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. फ्रेंचमधून ते इंग्रजीत गेले आणि त्याचे 'पे' झाले. या सर्वांचा पूर्वज लॅटिन 'पाकारे'. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पैसे देणे असा नव्हता. 'पाक्स' म्हणजे शांतता आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणे. रोमन लेखक हे क्रियापद एखादा प्रांत जिंकून तिथे शांतता प्रस्थापित करण्यासाठी वापरत.

मग शांततेतून पैसा कसा निघाला? उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'पाकारे'ला 'धनकोचे समाधान करणे' असा अर्थ आला. ज्याचे घेणे आहे तो अस्वस्थ असतो; त्याचे पैसे मिळाले की तो शांत होतो. शांत करणे, समाधान करणे, देणे देणे अशा पायऱ्यांनी अर्थ उतरत गेला आणि मूळ अर्थ मागे पडला. तो पूर्णपणे पुसला मात्र गेला नाही. इटालियन 'आप्पागारे' म्हणजे आजही तृप्त करणे. पोर्तुगीज 'अपगार' म्हणजे विझवणे किंवा पुसणे. दिवा 'अपगार' करतात, फळ्यावरचा मजकूरही. स्पॅनिशमध्ये दोघांचा हिशेब फिटला की ते 'एन पाथ', म्हणजे शब्दशः 'शांततेत', असतात. मध्ययुगीन इंग्रजीत 'पे'चा अर्थ संतुष्ट करणे असाही होता.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, म्हणून दुसरे पाहू. लॅटिन 'क्विएतुस' म्हणजे शांत, स्वस्थ. त्यातून देण्यातून मोकळे झाल्याचा अर्थ निघाला. इंग्रजीतील 'क्विट्स', जर्मनमधील 'क्विटुंग' आणि रशियनमधील 'क्वितान्त्सिया' ही त्याचीच संतती. शेवटच्या दोन्हींचा अर्थ पावती. म्हणजे पैसे देणे आणि स्वस्थता यांची सांगड एकाच शब्दापुरती नव्हती.

सगळ्या युरोपने मात्र असा विचार केला नाही. जर्मन 'त्सालेन' आणि डच 'बेटालेन' यांच्या मुळाशी मोजणे आहे. जर्मन 'त्साल' म्हणजे संख्या. बँकेतील 'टेलर'ही याच कुळातला, नोटा मोजणारा. रशियन 'प्लातीत्' आणि चेक 'प्लातित' यांचा संबंध कापडाच्या जुन्या शब्दाशी जोडला जातो. रशियनमध्ये 'प्लातोक' म्हणजे रुमाल. दहाव्या शतकातील प्रवासी इब्राहिम इब्न याकूब याने प्रागमध्ये पातळ कापडाचे तुकडे चलनासारखे वापरले जात असल्याचे लिहून ठेवले आहे. व्यवहार एकच, पण कोणाला त्यात समाधान दिसले, कोणाला संख्या, कोणाला वस्तू.

अभिजात लॅटिनमध्ये देणे देण्यासाठी 'सोल्वेरे' हे क्रियापद होते. त्याचा मूळ अर्थ सोडवणे, गाठ मोकळी करणे. इंग्रजी 'सॉल्व्ह' आणि 'इन्सॉल्व्हन्सी' दोन्ही त्यातून आले. ऋण हे बंधन आणि परतफेड ही सुटका, अशी ही कल्पना. 'पाक्स'च्या मुळाशीही बांधण्याचा, पक्के करण्याचा अर्थ सांगतात, आणि संस्कृत 'पाश' त्याच कुळात गणला जातो.

येथे मराठी वाचकाला 'फेडणे' आठवेल. आपण गाठ फेडतो, वस्त्र फेडतो आणि कर्जही फेडतो. ही 'सोल्वेरे'चीच कल्पना, कोणाकडूनही उसनी न घेतलेली. आणि 'भागवणे' पाहा. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, देणेही भागवतो. शमवणे आणि चुकते करणे हे दोन्ही अर्थ या एका क्रियापदात नांदतात, जसे ते 'पाकारे'च्या वंशात नांदतात. पूर्ण रक्कम मिळाल्यावर लिहायचे 'भरून पावलो' हे शब्द आपण कृतार्थतेसाठीही वापरतो, तेही याच जातीचे. दोन भाषांचा संबंध नसतानाही माणसांचा विचार सारख्या वाटेने जाऊ शकतो. शब्दांचे नाते आणि अर्थांचे साम्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी येथे नीट समजून घ्यावे.

उच्चारसाम्याबाबतही तितकीच सावधगिरी हवी. प्राकृतात 'पागार' असा शब्द आहे, पण तो संस्कृत 'प्राकार'वरून आलेला, तटबंदी या अर्थाचा. केवळ ध्वनीवर विसंबून त्याच्याशी 'पगार' जोडला, तर व्युत्पत्ती संस्कृतात पोहोचेल, पण खोटी ठरेल. व्युत्पत्ती पटण्यासाठी ध्वनी, अर्थाच्या पायऱ्या आणि दोन समाजांच्या संपर्काचा इतिहास, तिन्हींची साक्ष लागते.

'पगार' परका म्हणून निबंधात 'वेतन'च लिहावे, असा आग्रह काही वेळा धरला जातो. कार्यालयीन लेखनात 'वेतन' शोभते, हे खरेच. पण 'पगारदार' हा शब्द उलगडून पाहावा. मूळ लॅटिन, रूप पोर्तुगीज, प्रत्यय फारसी, आणि विभक्ती लावून तो चालवतो मराठी माणूस. 'बिनपगारी', 'पगारी' असे शब्द घडवून मराठीने त्याला केव्हाच घरचा केला आहे. अशा शब्दाला अशुद्ध ठरवले, तर आपल्याच भाषेचा घडवण्याचा गुण नाकारल्यासारखे होते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वर्गांत हा पाठ पुढे नेणे सोपे आहे. विद्यार्थ्यांनी शेजारच्या कन्नड, गुजराती, हिंदी, कोकणी किंवा उर्दू बोलणाऱ्यांकडून पैसे देणे, कर्ज परत करणे, मोबदला, पावती यांचे शब्द जमवावेत आणि प्रत्येकापुढे त्याचा दुसरा, पैशाशी संबंध नसलेला अर्थ लिहावा. शब्दाची जुनी वाट अनेकदा त्या दुसऱ्या अर्थातच दिसते.