सोळाव्या वर्षीचे यश आणि पुढची वाट : भारताच्या युवा बास्केटबॉल संघांचा अभ्यास

ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरू येथे १६ वर्षांखालील मुलींची आशियाई बास्केटबॉल स्पर्धा भरली होती. या स्पर्धेत भारतीय संघाने ‘ब’ श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि ‘अ’ श्रेणीत प्रवेश केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात, त्याच शहरात, वरिष्ठ महिला संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ श्रेणीच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानचा ७५-७३ असा अवघ्या दोन गुणांनी पराभव केला होता. एकाच वर्षी दोन वयोगटांतील संघांनी वरची पायरी गाठावी, ही भारतीय बास्केटबॉलच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. परंतु वरची पायरी गाठणे आणि तेथे टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. देशाच्या क्रीडाविकासाचा विचार करताना हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

खेळाची पार्श्वभूमी

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो तयार केला. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९३२ मध्ये जिनिव्हा येथे झाली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचा समावेश १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून, तर महिलांच्या बास्केटबॉलचा १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपासून झाला. भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ सहभागी झाला होता. अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकल्यामुळे ही संधी मिळाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. संघात १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ५ मैदानावर उतरतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते, तर कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांच्या आत फेक करावी लागते. यामुळे उंचीइतकेच महत्त्व वेगाला आणि क्षणार्धात निर्णय घेण्याच्या क्षमतेलाही असते. ही क्षमता केवळ सरावाने येत नाही. ती तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी वारंवार खेळण्यातूनच घडते.

युवा स्पर्धांची रचना

आशियाई पातळीवर युवा संघांसाठी १६ आणि १८ वर्षांखालील असे दोन प्रमुख वयोगट आहेत. या स्पर्धा साधारणपणे दोन वर्षांतून एकदा होतात. १६ वर्षांखालील स्पर्धेतून १७ वर्षांखालील, तर १८ वर्षांखालील स्पर्धेतून १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेचा मार्ग खुला होतो. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे संघही आशियाई स्पर्धांत उतरू लागले. त्यामुळे चीन, जपान व कोरिया यांच्या जोडीला आणखी दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी आले आणि चुरस वाढली.

मुलींच्या स्पर्धेत संघांची ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन श्रेणींत विभागणी केली जाते. ‘अ’ श्रेणीत आठ संघ असतात. ‘ब’ श्रेणीचा विजेता वर जातो आणि ‘अ’ श्रेणीतील शेवटचा संघ खाली येतो. जागतिक स्पर्धेची दारे ‘अ’ श्रेणीतील अग्रस्थानी असलेल्या संघांसाठीच उघडी असतात. म्हणजेच ‘ब’ श्रेणीतील विजेतेपद हे प्रवेशपत्र आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

वरिष्ठ संघाच्या वाटचालीतून हे स्पष्ट होते. २०१९ मध्ये बंगळुरू येथे आणि २०२१ मध्ये अम्मान येथे झालेल्या महिला आशिया चषकात भारत ‘अ’ श्रेणीत खेळला. परंतु दोन्ही वेळा त्याला आठव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर संघ पुन्हा ‘ब’ श्रेणीत गेला. वरिष्ठ संघाची ताकद शेवटी युवा संघांतून वर येणाऱ्या खेळाडूंवरच अवलंबून असते. म्हणून या घसरणीची कारणे युवा गटातच शोधावी लागतात.

जन्मवर्षाचे महत्त्व

युवा स्पर्धांत पात्रता जन्मवर्षावरून ठरते. २०१७ च्या १६ वर्षांखालील स्पर्धेसाठी १ जानेवारी २००१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. ३१ डिसेंबर २००० रोजी जन्मलेली मुलगी एका दिवसाच्या फरकाने अपात्र ठरत होती.

या नियमाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. वरिष्ठ खेळाडूची एखादी स्पर्धा हुकली, तर ती पुढच्या वेळी खेळू शकते. युवा खेळाडूला मात्र गेलेले वर्ष परत मिळत नाही. १८ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा २०१८ मध्ये बंगळुरू येथे झाली. महासाथीमुळे २०२० ची स्पर्धा होऊ शकली नाही आणि पुढची स्पर्धा २०२२ मध्ये पुन्हा बंगळुरू येथेच झाली. २००३ मध्ये जन्मलेल्या मुली २०२० मध्ये ऐन उमेदीच्या वयात होत्या. २०२२ उजाडेपर्यंत त्यांनी वयोमर्यादा ओलांडली होती. एक पूर्ण वयोगट अशा रीतीने या अनुभवापासून वंचित राहिला.

वयचोरी : एक गंभीर समस्या

वयोगट आला की वय लपवण्याचा मोहही येतो. वय लपवलेल्या खेळाडूमुळे संघाला तात्पुरता विजय मिळू शकतो. परंतु त्यामुळे खऱ्या वयाच्या मुलीची जागा जाते. शिवाय शरीराची वाढ आधीच पूर्ण झालेली असल्याने असा खेळाडू वरिष्ठ गटात पोहोचेपर्यंत मागे पडतो. अशा प्रकारे दुहेरी नुकसान होते. या समस्येला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता लागू केली. तीत वैद्यकीय तपासणीद्वारे वय पडताळण्याची तरतूद आहे.

धोरणात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘क्रीडा’ हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत येतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील सहभाग, राष्ट्रीय महासंघांना साहाय्य आणि उच्च दर्जाचे प्रशिक्षण यांत मात्र केंद्राची भूमिका मोठी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण आले. त्यानंतर २००१ मध्ये नवे धोरण व २०२५ मध्ये ‘खेलो भारत नीती’ स्वीकारण्यात आली.

२०१७ मध्ये सुधारित स्वरूपात मंजूर झालेल्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडक खेळाडूंना वर्षाला ५ लाख रुपयांचे साहाय्य आठ वर्षांपर्यंत देण्याची तरतूद करण्यात आली. आठ वर्षांचा हा कालावधी अर्थपूर्ण आहे. कारण शाळकरी खेळाडू वरिष्ठ संघापर्यंत पोहोचण्यास साधारण तेवढाच काळ लागतो. २०१९ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धेत बास्केटबॉलचाही समावेश होता.

दहावी-बारावीचे वळण

सोळावे वर्ष म्हणजे दहावीचे आणि अठरावे म्हणजे बारावीचे. संघातील निवड, दीर्घ प्रशिक्षण शिबिरे आणि मंडळाची परीक्षा या गोष्टी एकाच काळात येतात. रेल्वेसारख्या संस्थांत क्रीडा कोट्यातून मिळणारी नोकरी खेळाडूला स्थैर्य देते. परंतु ती १८ वर्षे पूर्ण झाल्यानंतरच मिळू शकते. शाळा संपल्यानंतर व नोकरी मिळण्यापूर्वीचा हा काळ सर्वांत नाजूक असतो. घरची आर्थिक स्थिती बेताची असेल, जवळ बंदिस्त मैदान नसेल किंवा सायंकाळच्या सरावानंतर सुरक्षितपणे घरी परतण्याची सोय नसेल, तर गुणी मुलगीही याच टप्प्यावर खेळ सोडते.

जेथे हे वळण पार होते तेथे काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणजे चेन्नईच्या अनिता पॉलदुराई. दीड दशकाहून अधिक काळ त्या भारतीय संघातून खेळल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. पंजाबमधील बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग याला लुधियानाच्या अकादमीत शालेय वयातच प्रशिक्षण मिळाले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ‘एनबीए’ या व्यावसायिक संघटनेच्या खेळाडू निवडीत डॅलस संघाने त्याची ५२ व्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मलेला खेळाडू तेथे प्रथमच निवडला गेला.

समारोप

युवा संघाच्या कामगिरीचे मूल्यमापन केवळ पदकांवरून करणे पुरेसे नाही. सोळाव्या वर्षी देशाकडून खेळलेल्या बारा मुलींपैकी किती जणी बाविसाव्या वर्षीही मैदानावर आहेत, हा अधिक अचूक निकष होय. जिल्हा पातळीवर नियमित स्पर्धा, वयाची काटेकोर पडताळणी, परीक्षा व शिबिरे यांच्या वेळापत्रकात समन्वय आणि शाळेनंतरच्या दोन-तीन वर्षांत अखंड आर्थिक आधार, या चार गोष्टी साधल्या, तर २०१७ च्या विजयाची पुनरावृत्ती करता येईल आणि वरच्या श्रेणीतील स्थानही टिकवता येईल.